जखीरेवाल्यांची नोंद

— न्हाई, न्हाई, ते खोड. आधी खोड, मग चहा. मनतशा, चहा आणू नको गं एवढ्यात, हिला आधी खोडू दे! — हसून काय राहिलीस? मी मस्करी करून राहिले का? तासभर झाला, माझ्याच पलंगावर बसून मलाच समजावून राहिलीस, की आजी, हे शब्दकोशात छापायला जाणार हाय, मोठ्या सरांनी बघितलंय, मी फक्त एकदा वाचून दाखवायला आले. वाचून दाखवलंस ना? मग आता माझं ऐक. आण ती वही इकडं. दिसतंय मला, चष्मा हाय. मराठीबी वाचते, उर्दूबी वाचते, आणि दोन्ही मला कोण्या मास्तरानं शिकवलेलं न्हाई, म्हणून कोण्या मास्तराला मी भीतबी न्हाई. हे बघ, तुझंच लिहिलेलं वाचते मोठ्यानं — 'जखीरा. पुल्लिंगी. गरजेपेक्षा जास्त माल अडवून, दडवून ठेवणे, साठेबाजी. मूळ फारसी. नांदेडच्या जुन्या बाजारात यावरून जखीरेवाला हे नाव. किल्लारीच्या भूकंपावेळी नजीर कंदीलवाले यांनी कंदिलाच्या काचा दडवून ठेवल्या होत्या.' — वा! चार ओळी. चाळीस वर्षं माणूस एका गादीवर बसला, आल्या-गेल्याला पाणी विचारलं, फुटकी काच कधी कुणाच्या गळ्यात मारली न्हाई, आणि तू चार ओळीत त्याचं नाव साठेबाजीच्या पुढं चिकटवून मोकळी झालीस. आणि वर म्हणतेस, आजी, यात वाईट काय हाय, हा तर शब्दाचा इतिहास हाय!

इतिहास! शरणप्पाभाऊची नात म्हणून तुला उंबऱ्याच्या आत घेतलं, वर्षाराणी. लातूरचं, त्या घरचं माणूस तीस वर्षांत आमच्या पायरीला शिवलं न्हाई. माझ्या शहेबाजचे अब्बा, तुझ्या वहीतले नजीर, गेले, चार वर्षं झाली, तेव्हाबी कुणी आलं न्हाई. परवा तुझा फोन आला तर सुनेला, या मनतशाला म्हटलं, घर झाडून घे, शरणप्पाभाऊची नात येणार हाय. आणि तू आलीस ती ही वही घेऊन. — न्हाई, रडून न्हाई राहिले. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पाणी येतं.

बरं. भांडायचंच तर शब्दावर भांडू, तुझ्याच शेतात येऊन भांडते. मूळ फारसी म्हणतेस ना? चूक. फारसीच्या आधी अरबी. फारसीनं अरबीकडून घेतला, उर्दूनं फारसीकडून, आणि तुम्ही आमच्याकडून. तुझ्या मोठ्या सरांना विचार, जखीऱ्यातला ज कोणता? — ज म्हणजे ज? हाव, तुमच्या मराठीत ज एकच, बिचारा सगळ्यांचं वझं एकटाच वाहून राहिला. आमच्याकडं पाच हायेत. जीम हाय, जाल हाय, जे हाय, ज्वाद, जोय — जखीऱ्यातला तो जाल. दालच्या डोक्यावर एक टिंब दिलं की जाल होतो. मी आयुष्यात पहिलं अक्षर ओळखलं ते हे. अलिफ न्हाई, बे न्हाई — जाल. का म्हणून विचारू नको. — सांगते, सांगते, घाई कशाची? लातूरची शेवटची गाडी संध्याकाळी हाय.

कुठं शिकले विचारतेस? काचांच्या कागदांवर. कंदिलाच्या काचा पेंढ्यात भरून यायच्या, लाकडी पेट्यांत. हैदराबादच्या आडत्याकडून यायच्या त्या उर्दू पेपरात गुंडाळलेल्या, इकडच्या मराठी पेपरात. एकेक काच सोडवायची, कागद मांडीवर सपाट करायचा, वाचायचा, पुन्हा गुंडाळून जागच्या जागी ठेवायची. शहेबाज शाळेतून आला की त्याला पकडायची, हे काय रे, ते काय रे? कार्टं कंटाळून पळून जायचं. आता बघ, तोबी काचाच विकतो — मोबाईलवर चिकटवायच्या! या घराच्या नशिबातनं काच काय जात न्हाई. चाळीस वर्षांची बाई पेट्यांच्या खोलीत बसून दहा-दहा वर्षांपूर्वीच्या बातम्या वाचून राहिली. शेजारणी म्हणायच्या, अमीरबी खुळावली. एकदा मी घाबऱ्याघुबऱ्या बाहेर आले, म्हटलं, भोकरला एस्टी उलटली, माणसं मेली! शहेबाजचे अब्बा म्हणाले, बेगम, ती उलटून सात वर्षं झाली, लोकं विसरलीबी. हसले होते तेव्हा. भूकंपाच्या सालानंतर तसं कमीच हसायचे.

तर शब्द. आमच्या दुकानात मालाला तीन नावं होती, ही लिहून घे, ही तुझ्या सरांकडं नसणार. दारात टांगलेला, रोज उठणारा, तो चालू माल. फळीवर धूळ खात बसलेला, कुणी विचारत न्हाई, तो बैठा माल. आणि आतल्या खोलीत, वेगळा, हात न लावलेला — गोदावरीला पूर आला, रस्ते बंद झाले, आडत्यानं तोंड फिरवलं, त्या दिवसासाठी बाजूला काढलेला, तो जखीरा. बैठ्या मालाची लाज वाटायची. जखीऱ्याची न्हाई वाटायची. सासरे म्हणायचे, ज्या दुकानात जखीरा न्हाई ते दुकान न्हाई, ती नुसती टपरी. दडवणं कुठं आलं यात? अडवणं कुठं आलं? घरात लोणचं घालतेस तर आंब्याची साठेबाजी करतेस का तू?

— वापर बदलतो म्हणतेस. लोक ज्या अर्थानं बोलतात तोच अर्थ. बरोबर हाय, हुशार हायेस. लोक टीव्हीवर म्हणतात, हत्यारांचा जखीरा सापडला, दारूचा जखीरा सापडला. शब्दाला पोलीस ठाण्यात नेऊन बसवलंय. पण बाई, त्या शब्दाचं घर कुठं हाय ते बघायला कुणी गेलं का? मी गेले. मला जावं लागलं.

तुला माहीत न्हाई, तुझ्या आज्जानं सांगितलं नसणार, आम्हाला शहेबाजच्या आधी एक मुलगी होती. जिक्रा. भूकंपाच्या दोन वर्षं आधी गेली, सहा वर्षांची होऊन. ताप डोक्यात गेला म्हणाले डॉक्टर. तीन दिवसांत संपलं. तुमच्या घरीबी असायची गं ती, शरणप्पाभाऊचं दोर-बारदानाचं दुकान तेव्हा आमच्या भिंतीला भिंत लावून होतं, ते लातूरला जायच्या आधी. त्यांच्या सुतळीच्या गुंड्यांवर बसून झोके घ्यायची. तुझा आज्जा तिला 'गौडती' म्हणायचा, पाटलीण! — तर गेली. लहान लेकराला खाट लागत न्हाई आमच्यात. बाप हातावर नेतो. शहेबाजच्या अब्बांनी तिला दोन हातांवर घेतली आणि या इथून, या दारातून, ते बाहेर गेले. बायका कबरस्तानात जात न्हाईत. मी आत. जोडे वाजले, मग वाजायचे थांबले. तुमच्या लिंगायतांतबी मातीच देतात ना, बसवून? आम्ही निजवून देतो. बाकी तेच.

परत आले तेव्हा मी विचारलं, काय म्हटलं तिच्यासाठी? नमाजात काय म्हटलं? मी तेव्हा अंगठाछाप, मला काय ठाऊक. ते म्हणाले, मोठ्या माणसाच्या जनाज्यात माफी मागतात. लेकराची कसली माफी मागायची, लेकरानं काय केलंय? लेकरासाठी म्हणतात, या अल्लाह, हिला आमच्यापुढं पाठवलेली समज, हिला आमच्यासाठी 'जुख्र' कर. मी म्हटलं, जुख्र म्हणजे? कंदील विकणारा माणूस, त्यांना कुठं लांब बोलता येतं. म्हणाले — जखीरा गं. आपला जखीरा. पलीकडं ठेवला. जुख्र आणि जखीरा, एकच मूळ हाय दोन्हीचं, पोरी. तोच जाल, तोच खे, तोच रे. मी नंतर स्वतःच्या डोळ्यानं बघितलं, नुसतं ऐकून ठेवलं न्हाई. जिक्राच्या नावातबी तोच जाल, म्हणून सांगत होते, पहिलं अक्षर तेच ओळखलं. आता लिही तुझ्या वहीत, मूळ अर्थ: आईबापांनी मातीत ठेवलेलं लेकरू. लिहितेस? न्हाई ना लिहीत? मग साठेबाजी कशी लिहितेस?

— पेन ठेवलंस खाली. बरं झालं. मनतशा, आण गं आता चहा. — साखर कमी घालतो आम्ही, मला शुगर हाय, तुला लागली तर वरून घे.

काय? — ते सगळं खरं, पण भूकंपाच्या वेळचं काय? सोडत न्हाईस तू. शरणप्पाभाऊचंच रक्त हाय. तो माणूसबी असाच, सुतळीची गाठ नखानं सुटली न्हाई तर दातानं सोडवायचा, पण कापायचा न्हाई. — आज्जानं डोळ्यानं बघितलंय म्हणतेस. काय बघितलं आज्जानं? पेट्या बघितल्या. पेट्या मीबी बघितल्या. पेट्या होत्या, कोण न्हाई म्हणतंय? साठ होत्या. दिवाळीच्या आधी माल भरायचाच असतो, वीज तेव्हा आजच्यासारखी होती का? दर वर्षी भरायचो. त्या पहाटे इथंबी भांडी वाजली फळीवरची, मी शहेबाजला उचलून अंगणात आले. उजाडल्यावर रेडिओनं सांगितलं. शरणप्पाभाऊची बहीण तिकडच्या गावात दिलेली, रत्नम्मा — ते लातूरहून तसेच तिकडं धावले. आणि शहेबाजचे अब्बा? दुपारच्या आत निघाले की! लिंबाजीचा टेंपो केला, दुकानात टांगलेले होते तेवढे सगळे कंदील भरले, घासलेट भरलं, मला म्हणाले, तिकडं अंधार हाय, बेगम. काही विचारलं न्हाई, काही लिहून ठेवलं न्हाई. नऊ दिवस तिथं होते. मातीतून माणसं काढली त्यांनी. तुझ्या आज्जानं हे सांगितलं का तुला? सांगितलं. मग वहीत का न्हाई? — नोंद लहान असते म्हणे! साठेबाजीला जागा हाय, मातीतून माणसं काढायला जागा न्हाई.

तिथं पत्र्याचे शेड घातले, तंबू घातले. कंदील होते, पण वारा, धावपळ, पोरंसोरं — काचा टिकेनात. बिनकाचेचा कंदील म्हणजे काय, नुसता धूर. म्हणून चौथ्या दिवशी लिंबाजीला परत पाठवलं. दारात टेंपो लावला त्यानं, इथं, कडुनिंबाखाली. म्हणाला, भाभी, भाईनं सगळ्या पेट्या मागवल्यात, एकबी ठेवू नको म्हणालेत, आणि मी म्हटलं —

चहा घे. गार होऊन राहिला.

चहा घे म्हटलं मी त्याला. दुसरं काय म्हणणार, दमलेला होता, डोळे लाल. — असं काय बघून राहिलीस? — हाव, रिकामाच गेला टेंपो. तुझ्या आज्जानं सांगितलंच असेल, लिंबाजी रिकामा आला, म्हणाला, भाभी म्हणते माल संपला. मग त्यात काय! बाई काय म्हणते ते सोड, बाईला काय कळतं मालातलं — सगळ्यांनी तेच धरलं ना? बाई नवऱ्याचंच पढवलेलं बोलणार. दोन-तीन दिवसांनी मदत गोळा करणारी पोरं गल्लीत आली, आतल्या खोलीच्या खिडकीतून त्यांना पेट्या दिसल्या, गल्ली भरून माणसं जमली, पेपरात आलं. आणि गल्ली काय म्हणाली? नजीरमियाँ बिलंदर. तिकडं मदतीचं सोंग, टेंपो पाठवायचं सोंग, इकडं बायकोला सांगून ठेवलं, देऊ नको म्हणून. भाव चढू दे म्हणून. — पोरी, पेनाचं टोक माझ्याकडं करू नको. — तू विचारलं न्हाईस, खरं हाय. तू काहीच विचारून न्हाई राहिलीस. तेच वाईट हाय.

त्यांनी मला सांगून ठेवलेलं न्हवतं. ऐकलंस? त्यांनी सांगितलं होतं, दे. एकबी ठेवू नको.

भावासाठी न्हाई गं! भाव मला तेव्हाबी कळत न्हवता. मी — कसं सांगू — तुला मूलबाळ न्हाई अजून. ती या दारातून गेल्यापासून माझ्याच्यानं दारातून काही जाऊ देववत न्हवतं. गिऱ्हाईक काच घेऊन निघालं की मी पायरीपर्यंत मागोमाग जायची. दोनदा तर मी मागं धावत गेले, ही फुटकी हाय म्हणून खोटं बोलून परत आणली. लोक हसायचे, कंदीलवालीला माल विकायचाच न्हाई. अर्धापूरची बहीण केळीचा घड द्यायची, तो काळा पडला तरी मी वाटायची न्हाई. शहेबाजचे दुधाचे दात हायेत माझ्याकडं अजून. आणि तो शब्द डोक्यात. ठेवलेलं. पलीकडं ठेवलेलं. मला वाटायचं, मी इथं नीट ठेवलं, एकबी जाऊ दिलं न्हाई, तर तिकडं तीबी नीट राहील. खुळेपणा वाटतो ना? मलाबी वाटतो, आज. त्या दिवशी न्हवता वाटत. लिंबाजी म्हणाला, सगळ्या. आणि मी त्या खोलीकडं बघितलं. पेंढ्यात निजवलेल्या, कागदात गुंडाळलेल्या. मी म्हटलं, संपला माल. तो म्हणाला, भाभी, अंधार हाय तिकडं. मी म्हटलं, संपला म्हटलं ना! चहा पिऊन गेला बिचारा.

शहेबाजच्या अब्बांना आकडा पाठ होता. साठ पेट्या आपल्या हातानं रचलेल्या. तरी तिथं, सगळ्यांसमोर, म्हणाले — ती म्हणते तर संपला असेल.

मग तुझा आज्जा आला. हे आले त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या पायरीवर उभा राहिला, वर आला न्हाई, पाणी घेतलं न्हाई. गल्ली गोळा झालेली. म्हणाला, काच न्हवती म्हणून माझ्या बहिणीनं बाटलीत वात घालून दिवा केला, पदर पेटला, मनगटापासून कोपरापर्यंत हात गेला. म्हणाला, नजीर, एकच सांग, तुझ्याकडं पेट्या होत्या का न्हवत्या? मी आत, पडद्याला धरून उभी. यांनी मान वळवली. पडद्याकडं बघितलं, एवढंच, पापणी लवायला लागते तेवढंच. आणि म्हणाले, होत्या. शरणप्पाभाऊ म्हणाला, मग? तर हे काय म्हणाले ठाऊक हाय? — माझ्याच्यानं सुटल्या न्हाईत, शरणप्पा.

मी त्यांना काहीच सांगितलेलं न्हवतं. एक अक्षर न्हाई. माझं कारण त्यांना कुठून कळलं, आणि त्यांनी ते आपलं म्हणून सांगितलं. तुझा आज्जा म्हणाला, तुझ्या जखीऱ्यात माझ्या बहिणीचा हात जळाला. पायरी उतरला. तिथून ते नाव पडलं आम्हाला — आता आली ना तुझ्या शब्दाची जन्मतारीख? लिही. गल्लीतल्या पोरांनी उचललं, मग दुकानदारांनी, मग टपालवाल्यानं. शहेबाजच्या शाळेतबी, जखीरेवाल्याचा शहेबाज. त्यांनी त्या पेट्यांतली एक काच परत विकली न्हाई. दान द्यायला गेले तर कुणी घेईना. राहिल्या पडून. मी शिकले त्यांच्यावर.

आणि त्यांनी मला एकदा तरी विचारायचं होतं! ओरडायचं होतं, हात उगारायचा होता, माझ्या माहेरी अब्बाकडं नेऊन बसवायचं होतं. सव्वीस-सत्तावीस वर्षं एका ताटलीत जेवलो, त्या माणसानं विचारलं न्हाई. बायका मला म्हणायच्या, मियाँनं असं कसं केलं गं? मी मान खाली घालायची. त्यांना वाटायचं, बिचारी नवऱ्याच्या करणीनं शरमली. मी शरमू दिलं. मी, जी कुणापुढं मान खाली घालत न्हाई, मौलवीशी अक्षरावरून भांडणारी, रेशनवाल्याला रांगेतून ओढणारी मी — मान खाली घालून त्यांचं नाव खराब करून राहिले, रोज, तोंडातून शब्द न काढता. शेवटी दवाखान्यात म्हटलं, अहो, ऐकता का, त्या पेट्यांचं — तर हातानंच न्हाई म्हणाले. नको म्हणून. मी गप्प बसले. सोयीचं होतं ना. गप्प बसणं लई सोयीचं असतं, वर्षाराणी, माझ्यासारख्या बोलक्या बाईला तर सगळ्यात सोयीचं. कुणाला संशयच येत न्हाई.

— रत्नम्मा कशी हाय? तुझी आत्याआजी. मला तिला — काय?

कधी?

दोन वर्षं. हं.

त्या हातानं भाकरी थापायची का गं ती? — डाव्या हातानं. हं. — न्हाई, पाणी नको. थांब जरा. आमच्यात असं हाय, की अल्लाहचं काही चुकलं तर अल्लाह माफ करील, पण माणसाचं चुकलं तर त्या माणसाकडंच जायचं, त्याचं अल्लाहबी काही करू शकत न्हाई. मी म्हणायची, जाईन लातूरला. थंडी सरली की जाईन. शहेबाजला सुट्टी मिळाली की जाईन. ठेवून ठेवून तेबी ठेवलंच मी.

तुला एक सांगते, मघाशी जे मोठ्या तोऱ्यात सांगितलं ना, एकच मूळ, तोच जाल, तोच खे — ते खरं हाय, पण अर्धं. मला लई उशिरा कळलं, कागद वाचून न्हाई कळलं. तो पलीकडचा जो हाय, जुख्र, तो हातातून गेलेल्याचा होतो. दिलं, सोडलं, हातावरून मातीत ठेवलं — त्याचा. यांचे नऊ दिवस तिथं जमा असतील. त्यांचं 'होत्या' म्हणणं जमा असेल. आणि हातात धरून ठेवलेल्याचं काय होतं? पेंढा होतो. वाळवी लागली पेट्यांना, आतल्या खोलीत बघ जाऊन, अजून अकरा हायेत.

— वही का मिटून राहिलीस? — काढून टाकते म्हणजे? सगळी नोंदच? आजी, मी हा शब्दच घेत न्हाई, सरांना सांगते, पुरावा मिळाला न्हाई. — अरे वा. माझी दया आली का तुला? म्हातारीची? मी मघापासून खोड खोड म्हणून बोंबलत होते, तर आता खोडून राहिलीस. आणि मग? तुझा आज्जा किती वर्षांचा हाय? शहाऐंशी. वाचतो का? — तू वाचून दाखवतेस. रोज. छापून आलेलं पहिलं पुस्तक त्याच्याच हातात देणार, बरोबर? आणि त्यात जखीरा नसेल. तो म्हणेल, का गं, नजीरचं का न्हाई घेतलं? तू म्हणशील, जागा नव्हती. आणि तो माणूस जाईल, आपला दोस्त चोर होता म्हणून जाईल. आणि हे तर आधीच गेलेत, चोर म्हणवून घेऊन. आणि मी इथं चष्मा लावून पेपर वाचत बसीन. न्हाई. उघड ती वही. उघड म्हणते ना!

मनतशा, हिची पिशवी दे, गाडी निघेल. — रडू नको, शाई पसरंल. काही खोडायचं न्हाई, साठेबाजी राहू दे, दडवणं राहू दे, अर्थ तू लिहिलास तोच बरोबर हाय. नाव तेवढं चुकलंय — त्यांचं काढ आणि तिथं अमीरबी लिही.